फेट्याची साखर

पुढारी सुंदररावांना साखर निघाली ती ऐन लग्नसराईत. आता तेलगावच्या बाजूचं लग्न म्हणजे पुढाऱ्याला फेटा बांधणार, पुढ्यात मानाचं ताट ठेवणार. ते परत गेलं की यजमानाचं नाकच कापलं! डॉक्टर म्हणाले, रोज इन्सुलिनची सुई घ्या, गोड बंद. सुंदररावांनी पहिल्याच मांडवात जिलेबी बाजूला सारली, तर नवरीचा बाप ढसाढसा रडायला लागला.

मग सुंदररावांनी डोकं चालवलं. फेटा उतरवला आणि आपला जीपचा ड्रायव्हर बजरंग याच्या डोक्यावर ठेवला. "मान फेट्याला असतो. आता ह्योच सुंदरराव. वाढा त्येला!" लोकांना लगेच पटलं. नवरीच्या बापानं डोळे पुसले आणि बजरंगला स्वतःच्या हातानं घास भरवला.

बजरंगची चंगळच झाली की! रोज बुंदी, रोज बासुंदी. फेटा डोक्यावर असेपर्यंत सुंदरराव त्याला 'अहो-जाहो' करायचे. नाहीतर मान खोटा पडेल म्हणे.

उन्हाळा सरता सरता बजरंगचा घसा कोरडा पडायला लागला. घागरभर पाणी प्यावं आणि दर मैलाला लघवीला गाडी थांबवावी. टाचेत काटा मोडला, त्याची जखम भरेना. बायको बबितानं त्याला ओढतच गावच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई रक्त तपासून म्हणाल्या, "साखर आहे तुला. तुझ्या बापाला होती, तुझ्यातही दबून असणार. या लग्नाच्या ताटांनी उठवली. आजच मोठ्या दवाखान्यात जा, इन्सुलिन लागेल. नाहीतर पाय जाईल."

पाय गेला तर क्लच कशानं दाबायचा? तसाच धावत बजरंग मांडवात मालकांकडं गेला.

"येड्या, ती साखर तुझी न्हाई, फेट्याची हाय," सुंदरराव म्हणाले. "म्हंजे माझी. अन् माझ्या साखरंची सुई मी रोज घेतोच की! भितूस कावून? बस ताटावर." आणि त्यांनी फेटा त्याच्या डोक्यावर चढवला.

बजरंगनं जिलेबीकडं बघितलं, टाचेकडं बघितलं आणि ताडकन उठला.

"सुंदररावाला दवाखान्यात जायचंय," तो ओरडला. "गाडी काढा!"

यजमानानं हात जोडून वाट करून दिली; फेट्यापुढं कोण बोलणार! सुंदररावांनी तोंड उघडलं, पण सगळी वऱ्हाडी मंडळी त्यांच्याकडंच बघत होती.

"बसा, साहेब," असं पुटपुटत त्यांनी जीपचं दार उघडलं आणि कित्येक वर्षांनी स्वतः स्टेअरिंग धरलं.

मोठ्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"सुंदरराव," सुंदरराव सवयीनं बोलून गेले.

बजरंगनं फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"बजरंग लिव्हा, बाई," तो म्हणाला. "पाय माझा हाय."

सुंदरराव फेटा सावरत बाकावर बसले आणि ती टाच पहिल्यांदाच वाकून बघायला लागले.