दुसऱ्या नोंदीतला माणूस

शीतलचं ऑपरेशन गुरुवारी होतं. तिला कॅन्सर झालेला नव्हता. होऊ नये म्हणून दोन्ही स्तन काढायचे ठरले होते, आणि ते ठरण्यात माझा हात होता.

मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये जनुकांचे रिपोर्ट वाचते. नोकरीबाहेर, फुकट, आणखी एक काम करते. जनुकातला कोणता बदल कॅन्सरपर्यंत नेतो आणि कोणता निरुपद्रवी, याची एक खुली नोंदवही इंटरनेटवर आहे. जगभरातले माझ्यासारखे लोक पुरावे वाचून तिच्यात भर घालतात आणि ती कोणीही वाचू शकतं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं. पेशंटची नावं कुठेच नसतात. या कामाचा मला गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली म्हणतात ते काही खोटं नाही.

शीतल माझी घाटकोपरची बालमैत्रीण, आता नाहूरला राहते. तिच्या रक्तात सापडलेल्या बदलापुढे वहीत आधी ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा होता. पुरावा एकाच घरचा, तेवढा पुरत नाही, आणि ते घर तिचंच. स्तनाच्या कॅन्सरने त्रेचाळिसाव्या वर्षी जाण्याआधी तिच्या मम्मीने हॉस्पिटलला माहिती छापायची परवानगी दिली होती. गेल्या वर्षी एका लेखात मला तोच बदल असलेलं दुसरं घर सापडलं. स्तनाचा कॅन्सर झालेला पुरुष, वय एक्कावन्न, बहीण त्याच रोगाने गेलेली. मी नोंद केली, दूरदेशीच्या कोणीतरी तपासली आणि शेरा ‘बहुधा घातक’ झाला. तो वाचून शीतलच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. त्या दुसऱ्या घराबद्दल तिला मीच सांगितलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती हॉस्पिटलचा फॉर्म भरत होती. घरात कोणाला काय आजार झालेत, त्या रकान्याशी पेन थांबलं. चेंबूरच्या खंडूमामाचं काय लिहू, म्हणाली. मी म्हटलं, बायपास लिही. आम्हा सगळ्यांना तेच माहीत होतं. शीतलने मान हलवली. बायपास नव्हताच, छातीत गाठ होती. बाप्या माणसाला बायकांचा आजार झाला म्हणून लोक हसतील, या धास्तीने मामांनी सगळ्यांना हृदयाचं सांगितलं होतं. तिलाही मामीकडून गेल्याच आठवड्यात कळलं होतं.

मी तेव्हाचं वय विचारलं.

“एक्कावन्न असेल. का गं?”

लेखातला माणूस खंडूमामाच असणार, आणि त्याची गेलेली बहीण म्हणजे शीतलची मम्मी. फोनवर नोंदवही उघडून मी तिला माझीच नोंद दाखवली. तिने ती दोनदा वाचली. आपल्याकडे माणूस दुसऱ्या हॉस्पिटलात जातो तेव्हा पहिल्याचे कागद घरी ठेवून जातो, आणि आजार लपवायचा असला तर घरात आधी कोणाची तपासणी झाली तेही सांगत नाही. हे मी लॅबमध्ये रोज बघते. तरी दोन हॉस्पिटलं म्हणजे दोन घरं, असं धरून चालले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या वळशापायी हिचं शरीर कापलं जाणार होतं.

शीतलने मामांना फोन लावला. लेखातला माणूस तूच का, असं विचारलं. ते हो म्हणाले. रक्त त्यांनीच दिलं होतं, लेखासाठी सहीही केली होती.

माझं चुकलं, हे मी तिला सांगितलं. वाटलं, भडकेल, नाहीतर सुटल्यासारखी हसेल. ती रडायला लागली.

“तो माणूस कोण असेल, याचा मी वर्षभर विचार करतेय गं. दर पौर्णिमेला विहारात त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावते. वाटायचं, कुठेतरी आपल्यासारखं आणखी एक घर आहे. कोणीच नाही ना. आम्हीच.”

तिथेच बसून मी दुरुस्ती लिहिली: दोन्ही नोंदी एकाच कुटुंबाच्या आहेत, चूक माझी आहे. सकाळपर्यंत कोणीतरी ती तपासून मंजूर केली, माझ्या नावासकट. शेरा पुन्हा ‘अर्थ अनिश्चित’ झाला.

बुधवारी डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं आणि नव्याने बोलायला बोलावलं. धोका नाही असं नव्हतं, पण किती, ते आता कोणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. वाईट बातमी शीतलने पचवली होती. ‘माहीत नाही’ तिला पचत नव्हतं.

हॉस्पिटलच्या दारात खंडूमामा आमच्या आधी येऊन उभे होते, जुनी फाइल पिशवीत घेऊन. शीतल म्हणाली, मामा, फाइल दे आणि तू बाहेर बस, आत तुला अवघडल्यासारखं होईल.

“नाही, मी येतो आत,” मामा म्हणाले. “मी गेलो होतो तेव्हा सोबत कोणी नव्हतं. मी कोणाला सांगितलंच नव्हतं ना.”