शब्द माझा, तोरा आगगाडीचा

मित्रांनो, मी मोठागावच्या खाडीवरचं एक जुनं वल्हं आहे. माझ्या नावावरून एक अख्खं क्रियापद निघालं: वल्हवणे. पाणी मागे लोटून होडी पुढे नेणे, हा त्याचा अर्थ. पुढे माणसांनी तो वाढवला. एकटीने घर चालवणाऱ्या बाईला गाव म्हणे, "संसार वल्हवते बिचारी." ते ऐकून मी अगदी फुगून जाई!

मला घडवलं तरीवाल्या, म्हणजे खाडी पार करून देणाऱ्या धाकूने. माशाचं तेल चोळून तो मला जपे आणि माणसांना पलीकडे माणकोलीला पोचवी. मग जवळच डोंबिवलीला स्टेशन झालं. "काय ती आगगाडी!" जो तो म्हणे. अहो, तिला स्वतःचा शब्द तरी आहे का? ती 'चालते', ते पायांकडून उसनं. तिला 'हाकतात', ते बैलांकडून! एवढ्यावर भागलं नाही. माझा धाकूच तिच्याकडे कामाला लागला, आणि तिथे त्याला म्हणू लागले खलाशी. होडीवरचा शब्दसुद्धा पळवला मेलीने! मी परसात, भोपळ्याच्या वेलाला टेकू. नुसता जळफळाट व्हायचा.

एका दुपारी पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडलं, "ठमाबाय गो, तुजी बायजा अडलीय!"

ठमाबाई ही धाकूची बायको, गावची सुईण. बायजा त्यांची लेक, माणकोलीला दिलेली. धाकू कामावर होता आणि आगगाडी काही माणकोलीला जात नव्हती. ठमाबाईने वेल ओरबाडून मला उपसलं. जन्मात तिने वल्हं धरलं नव्हतं.

"चल रं बाबा, माजी पोर वाचव," ती मला म्हणाली.

होडी गरगर फिरली. ओहोटी खाली खेचू लागली. ठमाबाई रडत होती आणि वल्हवत होती. माझं अंग मधोमध तडकलं, पण आम्ही काठाला लागलो.

बायजा वाचली, मुलगी झाली. "ठमाबायनं वल्हवलं," सगळे म्हणाले. माझं नाव कुणी घेईना! मला तर त्या बाळाचाही हेवा वाटला, कारण तेल तिला चोळत होते. मग ठमाबाईने ते तेलाचे हात माझ्या तड्यावरून फिरवले.

मित्रांनो, शब्द तोंडी राहतो, पण लाकडाला तेल लागतं. घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून हात लावत जा.

मी पुन्हा वेलाखाली आहे. बायजा माहेरी आली की तिची पोर मला धरून उभी राहते. तेवढ्यात शिट्टी होते आणि ती मला सोडून तिकडे वळते. ते मात्र मला अजून खपत नाही.