सायीची वाटी

रुआरीने वाटीतली सगळी साय गरम लापशीवर ओतली आणि साखरेसाठी हात पुढे केला.

शीना चुलीपाशी पातेलं ढवळत होती. तिचा हात तिथेच थांबला.

या घरात लापशी अशी खात नसत. ओट्सची दाट, मिठाची, वाफाळती लापशी एका वाडग्यात आणि थंडगार साय शेजारच्या वाटीत. चमचाभर लापशी घ्यायची, सायीत बुडवायची, तोंडात घालायची. एकोणीस वर्षांपूर्वी नवी नवरी होऊन या बेटावर आलेल्या शीनाने पहिल्याच सकाळी साय वरून ओतली, तेव्हा सासूने, पेगीने, तिच्यापुढचा वाडगा उचलून कोंबड्यांना घातला होता. म्हातारीचं तोंड काय सांगावं! लापशीत मीठ उशिरा पडलं तर तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

"साखर कधीपासून?" शीनाने विचारलं.

"आता काय त्यात? फलाटावर सगळे अशीच खातात."

समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर रुआरी वीस वर्षं काम करत होता. तिथली लापशी भिंतीला लावायच्या लायकीची, म्हणून आपण सकाळी अंडीच खातो, हे त्यानेच तिला शंभरदा ऐकवलं होतं. तीन आठवडे काम आणि एक आठवडा घर, असा नेम होता. गेलं वर्षभर मात्र जादा कामाच्या नावाखाली तो दोन-दोन महिने किनाऱ्यावर ॲबर्डीन शहरातच राहायचा. तिथे कुणीतरी त्याला रोज सकाळी लापशी करून घालत होतं. हे कळायला बाईला पुरावा थोडाच लागतो!

तिने सासूकडे पाहिलं. आता म्हातारी टेबलावर हात आपटणार, लेकाची चांगली हजेरी घेणार.

पेगीने मान वर केली नाही. मंद नजरेने चाचपडत तिने साखरेचं भांडं शोधलं आणि लेकाकडे सरकवलं.

शीना त्या हाताकडे बघत राहिली.

"आई, आज गप्प कशा तुम्ही?"

"खाऊ दे गं त्याला. दमून आलाय."

"मे महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनला पंधरा दिवस याच्याकडे होतात. तिथे सकाळी लापशी कोण करायचं?"

"शीना, ऐक—" रुआरीने चमचा खाली ठेवला.

"मी आईंना विचारतेय."

पेगीने तोंड पुसलं. "आयलीन नाव तिचं," ती म्हणाली. "खाल्ली मी तिच्या हातची. उपाशी राहणार होते का?"

नवऱ्याचा शीनाला नुसता राग आला होता. सासूचं हे मात्र जिव्हारी लागलं. या म्हातारीसाठी तिने इन्व्हर्नेस शहरातली नर्सची नोकरी सोडली होती. तिचे केस विंचरले होते, रोज पेपर वाचून दाखवला होता.

"आठ महिने माझ्या हातून आंघोळ करून घेतलीत. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस," पेगी म्हणाली. "मग माझं कुणी केलं असतं? याने?"

रुआरी खिडकीबाहेर बघू लागला.

शीनाने चूल बंद केली. "बोट किती वाजता सुटते?"

"दोनला," तो घाईघाईने म्हणाला. "पण मी उद्या जाईन म्हणतो. आज जरा बसून बोलू."

"तुझी नाही विचारली मी."

मग पेगी टेबलाला धरून उठली. चाचपडत चुलीपाशी आली, फळीवरून एक वाडगा काढला आणि पातेल्यातली लापशी त्यात वाढू लागली. थोडी तिच्याच बोटांवर सांडली, पण तिने हात मागे घेतला नाही. एकोणीस वर्षांत या घरात शीनाला कुणी वाढून दिलं नव्हतं.

"खाऊन जा गं," म्हातारी म्हणाली. "गार वारं सुटलंय बाहेर."

शीनाने वाडगा घेतला. उभ्याउभ्याच सगळी लापशी खाल्ली, वाडगा धुऊन जागेवर ठेवला, आणि बॅग भरायला वर गेली.