रुखमाच्या यकृतातला पहारेकरी

कडुनिंबावर चढलेली वेल. डासांसाठी केलेला धूर. पिवळे डोळे. चुलीवर उकळणारं काळं भांडं. जिवतीच्या घाटात धापा टाकणारी एस.टी.

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. विज्ञानाच्या पुस्तकात मला रिसेप्टर म्हणतात. रुखमाच्या यकृतातल्या एका पेशीच्या पाठीवर माझी जागा होती. मला डोळे नव्हते. जंतूचा किंवा मेलेल्या पेशीचा तुकडा अंगाला लागला की ओरडायचं, एवढंच मला येई. मी ओरडलो की रक्तातली फौज धावून यायची. थांबायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नाही.

लहानपणी रुखमा नाल्याचं पाणी प्यायली, तेव्हा मी वेळेवर ओरडलो. ती वाचली. श्रेय लिंबाच्या सरबताला मिळालं.

मग २००६ साल आलं. चिकुनगुनियानं घरोघरी माणसं आखडली. शेजारच्या गिरजाबाई रुखमाच्या नवऱ्याकडे, वामनरावांकडे, गुळवेल घेऊन आल्या.

"कडुनिंबावरची हाय, वामनभाऊ. अंगातली ताकद वाढते. बायकोले रोज पाजा."

"बाई, तुमच्या काढ्याच्या वासानं डासच पळून जातीन!" रुखमा हसली आणि प्यायली. रोज पिऊ लागली.

पुष्कळांना त्या काढ्यानं काही झालं नाही. रुखमाच्या यकृताला तो सोसला नाही. पेशी मरू लागल्या. त्यांचे तुकडे माझ्या अंगावर आले. मी ओरडलो. फौज आली, तिनं आणखी पेशी मारल्या. आणखी तुकडे. आणखी ओरडणं. रुखमाचे डोळे पिवळे झाले.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी वामनरावांना स्पष्ट सांगितलं, "काढा बंद. यांचीच फौज यांचं लिव्हर खाते आहे. या गोळीनं ती आवरेल. गोळी सोडली तर बाई हाती लागणार नाहीत."

गोळी सुरू झाली. काढा सुरू झाल्यापासून मी पहिल्यांदाच गप्प बसलो. रुखमा भाकर मागू लागली.

गिरजाबाई पुन्हा आल्या. "फौज आवरते म्हंते? मंग रोगाशी लढन कोन? गोळीनं ताकद मरते, भाऊ."

वामनरावांचा रुखमावर फार जीव. त्यांनी गोळी बंद केली आणि काढा दुप्पट केला.

"आता नाई सोसत, रिनाचे बाबा."

"माह्यासाठी पी. तुले बरीच करून राह्यलो ना मी?"

ती प्यायली. मी ओरडलो.

पोटात पाणी झालं. ती पोटच्या रिनालाही ओळखेना. दवाखाना गाठण्याआधीच, घाटातल्या एस.टी.त ती गेली. मी मात्र थोडा वेळ ओरडतच होतो.

"ताकद कमी पडली बिचारीची," गिरजाबाई मातीला आलेल्यांना सांगत होत्या.

मित्रांनो, फौज वाढवायला सगळे धावतात. तिला आवरणाऱ्या गोळीवर कुणाचा भरवसा नसतो. घरात कुणाचे डोळे पिवळे झाले, तर आधी विचारा, याला रोज काय पाजताय? आणि डॉक्टरांची गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

पहिला पेला प्यायली त्या दिवशी रुखमा ठणठणीत होती. सकाळीच तिनं सगळं अंगण सारवलं होतं.