आत्याचा ड्रायर

माणूस कर्ज बुडवेल की नाही, हे त्याने बुडवायच्या आधी सांगायचं, हे बँकेत माझं काम. ज्योतिषीही हेच करतात, पण त्यांना पगारी रजा नसते.

माझ्या आत्याची लाँड्री आहे. तिचा जुना ड्रायर गेल्या महिन्यात एकदा खोकला आणि गेला. तेव्हापासून घरभर दोऱ्या बांधल्यात आणि आत्या ओल्या चादरींतून वाट काढत स्वयंपाक करते. नवा ड्रायर नाही आला तर गिऱ्हाइकं पळणार. म्हणून तिने आमच्याच बँकेत अर्ज टाकला. आमच्या पद्धतीने तिला शंभरपैकी एक्केचाळीस गुण दिले. लागतात पन्नास.

आमच्या जोखीम विभागाच्या मॅडमना मी आधीच सांगून टाकलं, "आत्या आहे माझी. सख्खी."

"मग सही तुझी चालणार नाही," त्या म्हणाल्या. "तोंड चालेल. काही सांगण्यासारखं सापडलं तर ये."

आत्याला गुण कळवले.

"एक्केचाळीस? मेल्या, तुला गणितात तेवढेच पडायचे. तरी ठेवलंच ना त्यांनी तुला?"

गुण कापले गेले ते 'मोठं, कायमचं गिऱ्हाईक' या रकान्यात. तिथे तिने रेघ मारली होती. पूर्वी तिथे कोपऱ्यावरचं हॉटेल असायचं. पण तिथल्या मॅनेजरने उशीच्या अभ्र्यावरच्या न निघालेल्या डागावरून तिची अक्कल काढली, तिने त्याचं खानदान काढलं, आणि व्यवहार तुटला. आता ती न्हाव्याचे टॉवेल, दातांच्या डॉक्टरचे कोट आणि एका नाटक कंपनीच्या भुतांचे पांढरे झगे धुते.

"जाऊन माफी माग ना त्याची," मी म्हणालो.

"मागते की. आधी तू तो डाग काढून दाखव."

दुसऱ्या दिवशी मी आत्याच्या रस्त्यावरच्या आमच्या सगळ्या कर्जांच्या फायली काढून बसलो. बेकरीवाला, शिंपी, फुलवाली, टॅक्सीवाला. मॅडमचा या चौघांवर फार जीव. धंदे चार, चारही वेगळे, प्रत्येकाला ऐंशीच्या वर गुण. एक पडला तरी तिघे उभे. मी फक्त 'मोठं गिऱ्हाईक' हा रकाना ओळीने वाचला आणि उठून मॅडमकडे गेलो.

"मॅडम, पाव हॉटेलात जातात. शिंपी हॉटेलचे गणवेश शिवतो. फुलं हॉटेलच्या काउंटरवर, टॅक्सी हॉटेलच्या दारात. ही चार कर्जं नाहीत. एकच कर्ज चार टोप्या घालून बसलंय."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रकान्यात हॉटेलच होतं.

"हॉटेल बंद पडलं तर?"

"चौघंही एकाच सकाळी आपल्या दारात. पाव तेवढे ताजे असतील."

"आणि तुझी आत्या?"

"तिला शेजारणीकडून कळेल. एकटीला मोजलं तर ती एक्केचाळीस. पण या चौघांबरोबर मोजलं तर तीच एक वेगळ्या दोरीवर आहे. बाकी सगळं धुणं आपण एका दोरीवर घातलंय."

मॅडमनी आत्याचा अर्ज पुढे ओढला. मग म्हणाल्या, "भुतं पैसे वेळेवर देतात?"

"प्रयोगाच्या आधी. त्याशिवाय झगे मिळत नाहीत."

त्या हसल्या नाहीत. आमच्या विभागात तशी पद्धत नाही. पण सही केली, आणि हॉटेलच्या भरवशावर पाचवं कर्ज द्यायचं नाही, असा नियमही केला.

ड्रायर आला. त्याच आठवड्यात हॉटेलचा मॅनेजर भलंमोठं गाठोडं घेऊन लाँड्रीच्या दारात हजर. नव्या धोब्याने त्याच्या चादरी रुमालाएवढ्या केल्या होत्या.

"सगळं काम तुम्हालाच देतो," तो म्हणाला. "बाकीची गिऱ्हाइकं सोडून द्या."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "काय रे, घेऊ?"

"घे. पण तुझ्या एकूण कामाच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको."

"ऐकलंत? भाचा बँकेत आहे माझा. पावभर ठेवा, उरलेलं परत न्या. आणि रांगेत उभे राहा."

मॅनेजरने मागे-पुढे पाहिलं. दुकानात दुसरं कोणीच नव्हतं.

"माझ्या पुढे कोण आहे?"

"भुतं," आत्या म्हणाली, आणि ड्रायरचं बटण दाबलं.