क्लीलिया घरी आली तेव्हा

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले लालासाहेब मलकापुरात आपल्या नातीसोबत, संयोगितासोबत राहत. शाळेच्या कथाकथन स्पर्धेसाठी तिनं रोमच्या क्लीलियाची गोष्ट निवडली होती आणि रविवारी सकाळी ती आजोबांसमोर तालीम करत होती.

"तहासाठी रोमनं आपल्या मुली शत्रूराजाकडे ओलीस ठेवल्या. त्यांतलीच क्लीलिया बाकीच्यांना घेऊन छावणीतून पळाली आणि बाणांच्या माऱ्यात नदी पोहून घरी आली. पण दिलेला शब्द मोडतो, म्हणून रोमनं तिला परत पाठवलं."

"तिच्याच मानसांनी?" लालासाहेबांनी विचारलं.

"व्हय, आबा. पण राजाला तिच्या धाडसाचं लय कौतुक वाटलं. त्यानं तिला सोडून दिलं."

लालासाहेबांनी डोळे पुसले. नऊ वर्षांपूर्वी त्यांची मुलगी राजेश्वरी तीन वर्षांच्या संयोगिताला कडेवर घेऊन खंडाळ्याच्या सासरहून पळून आली होती. तिच्या पाठीवर वळ होते. सोयऱ्यांना शब्द दिलाय म्हणत लालासाहेबांनीच दुसऱ्या दिवशी तिला माघारी नेऊन सोडलं. पाच महिन्यांनी सासरीच तिचा मृत्यू झाला. आई तापानं गेली, एवढंच संयोगिताला माहीत होतं.

"आबा, रडताय व्हय? माझं काय चुकलं का?"

"न्हाई, बाळा. तुझी आईबी अशीच घरी आली हुती. जाच हुता तिला. मीच तिला परत धाडली."

 वही मिटून संयोगिता आत गेली. त्यानंतर तालमीला तिनं आबांना बोलावलं नाही.