गाडीच्या पोटातलं काळं

दर गुरुवारी दुपारी बोरी अरबच्या बाहेरच्या माळावर गाड्यांची रांग लागायची. ट्रॅक्टर, काळ्या-पिवळ्या जीपा, कापूस वाहणारे टेम्पो. एकदा कोणी रोडरोलर आणायला निघाल्याचंही सांगतात, पण तो पोचेपर्यंत शुक्रवार उजाडला. रांगेच्या टोकाला कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली धूरहारी महाराज. धूर ओकणाऱ्या, चढावर दम टाकणाऱ्या गाड्या महाराज बऱ्या करत. हत्यार नाही, पाना नाही. नुसत्या मंत्राने.

पद्धत ठरलेली होती. आधी गाडीला रेस द्यायची. मागून काळा लोट निघाला की गर्दी "अरारारा" म्हणायची. मग पुढच्या अर्ध्या गाडीवर भगवी चादर पडायची. मालकाने डोळे मिटून झाडाला सात फेरे घालायचे, मागे वळून पाहायचं नाही. तेवढ्यात महाराजांचा चेला धूप घेऊन चादरीखाली शिरायचा. फेरे संपले की महाराज काळ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं उंच धरायचे.

"हे पाहा गाडीच्या पोटातलं काळं. उघडून पाहू नका. उघडलं का परत शिरलंच समजा."

गाठोडं मागच्या नाल्यात जायचं. गाडीला पुन्हा रेस दिली की धूर जवळपास नाहीसा झालेला असायचा. हे मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. डिसेंबरातल्या पहिल्या गुरुवारी, भर उन्हात, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून आणि वर मफलर गुंडाळून मीही त्या रांगेत घाम पुसत बसलो होतो.

मी विठ्ठलराव. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. गावोगावी जाऊन पाण्याने दिवा पेटवायचा, लिंबातून रक्त काढायचं आणि मग त्यामागची युक्ती समजावून सांगायची, हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. तालुक्यातल्या अंधश्रद्धाविरोधी समितीचा चिटणीसही मीच. तेव्हा मफलर कशासाठी होता, ते सांगायला नको.

माझ्याकडे जुन्या घडणीची, चारही चाकांना जोर लागणारी डिझेल गाडी आहे. शेताच्या वाटेवर काळ्या मातीत फसू नये म्हणून घेतली. तो चार चाकांचा दांडा मी आजवर एकदाच ओढला, तोही पाहुण्यांना दाखवायला. पण गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या, इंदुताईच्या किडन्या थकल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला यवतमाळला डायलिसिसला न्यायचं, हे त्या गाडीचं खरं काम झालं.

नोव्हेंबर सरता सरता गाडी काळा धूर टाकू लागली. सपाटीवर कुरकुरत चालायची, चढावर मात्र बैलगाडीने मागून हॉर्न द्यावा अशी गत. एका शुक्रवारी यवतमाळच्या अलीकडच्या चढावर ती पहिल्या गिअरमध्येही रांगेना. आम्ही तासभर उशिरा पोचलो. इंदुताईची पाळी दुसऱ्याला दिली गेली होती. सुजलेले पाय बाकावर पसरून ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली. एक शब्द बोलली नाही. तिने चार शब्द सुनावले असते तर मला सोसलं असतं.

मी डिझेल बदललं, टाकीत ताकदीचं औषध ओतलं, पंपवाल्यावर भेसळीचा संशय घेतला. फक्त एक केलं नाही, बसस्टँडमागच्या दीपमालाच्या गॅरेजात गेलो नाही. दीपमाला देवरावांची लेक, माझीच विद्यार्थिनी. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून तिने गॅरेज टाकलं. गाव आधी हसलं, मग गाड्या घेऊन गेलं. मला अडचण वेगळीच होती. जिला फळ्यावर इंजिनाचे चारही स्ट्रोक रंगीत खडूंनी काढून दाखवले, तिला "बॉनेट उघडतात कसं गं" हे कोणत्या तोंडाने विचारायचं? महाराजांना विचारायला लाज वाटत नव्हती, कारण तिथे मफलर चालत होता.

मी सात फेरे घातले. डोळे प्रामाणिकपणे मिटले. महाराजांनी माझ्या कपाळाला अंगारा लावून ज्ञानही दिलं.

"धूर तीन परकारचे असतात, बेटा. काळा म्हणजे नजर. पांढरा म्हणजे पितर. आन् निळा दिसला तर समज, करणी."

बेटा म्हणणारा माणूस माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान होता. पण येताना गाडी अशी पळाली की मी तेही माफ केलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, यवतमाळच्या अलीकडचा चढ आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. "काय केलं हो गाडीले?" इंदुताईने विचारलं. "थोडं ट्युनिंग," मी म्हणालो.

इथवर माझी फजिती माझ्यापुरती होती. पुढे मी ती वाटली.

शेजारच्या तांड्यावरचा खेमसिंग जीप चालवतो. माझी गाडी रुसली की तोच इंदुताईला न्यायचा. त्याचीही जीप धूर टाकू लागली. मी त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "गुरुवारी माळावर जाऊन ये."

"तुमी सांगून राह्यले, मास्तर?" त्याने चकित होऊन विचारलं.

"अनुभव आहे," मी म्हणालो. एकतीस वर्षं अनुभव आणि पुरावा यांतला फरक शिकवणारा मीच.

संक्रांतीच्या सुमारास माझ्या गाडीतून निळसर धूर येऊ लागला. करणी! ती कोणी केली असेल याची यादी मी मनात करू लागलो. शेजारच्या कोकिळाबाईंनी पाठवलेला तिळगूळ मी गुपचूप मुंग्यांना घातला. मुंग्यांना काही झालं नाही, तरी संशय गेला नाही.

त्याच आठवड्यात दीपमालाचा निरोप आला. "सरांना म्हणा, गॅरेजात या. खेमसिंगभाऊंची जीप ओढून आणली हाय."

मी गेलो. खेमसिंग टायरवर बसला होता. दीपमालाने जीपच्या इंजिनाशेजारचा एक काळा डबा उघडून ठेवला होता. आत लाल कागदाची पुडी आणि बोटभर धूळ.

"सर, इथं एअर फिल्टर पाह्यजे. गाळणी. इंजिनात जाणारी हवा इच्यातून गाळून जाते. कोणंतरी गाळणी काढून अंगारा ठेवला. महिनाभर तांड्याच्या रस्त्याची धूळ थेट इंजिनात गेली. पिस्टन, सिलिंडर, सारं घासून गेलं."

"पण काढल्यावर गाडी तर चांगली पळत होती," मी म्हणालो.

"पळंलच ना. गाळणी चोंदली होती. कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोरून तुमी दोघंही नेहमी जाता. कापसाचे तंतू ओढून ओढून तिची गादी झाली. डिझेल तेवढंच, हवा कमी. मग काळा धूर आन् जोर गायब." तिने हात फडक्याला पुसले. "दिव्यावर पेला धरून तुमीच दाखवलं होतं, सर. हवा कमी पडली का काजळी धरते. नववीत."

मला आठवत होतं. पेलाही आठवत होता.

"आणि निळा धूर?" मी विचारलं.

"ऑइल जळून राह्यलं. घासलेल्या सिलिंडरातून वर येते. पांढरा असला तर पाणी नाहीतर न जळलेलं डिझेल." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या गाडीतून निळा येऊन राह्यला काय?"

मी चावी तिच्या हातात दिली. माझ्या डब्यातही तीच लाल पुडी निघाली. नशीब एवढंच की माझी गाडी आठवड्यातून दोनदाच चालायची, तीही डांबरी रस्त्याने. ती दुरुस्त होण्यासारखी होती. खेमसिंगची नव्हती.

खेमसिंग मला एवढंच म्हणाला, "मास्तर, महाराजाचं मले काही वाटत नाही. तो त्याचा धंदा. मी तुमच्या शब्दावर गेलतो."

घरी येऊन मी इंदुताईला सगळं सांगितलं, मफलरसकट.

"मले ज्या मशीनवर ठेवतात, त्याच्यातही गाळणीच हाय ना?" ती म्हणाली.

"हो."

"मग ती काढून उद्या कोणं अंगारा ठेवला तर चालंल काय तुमाले?"

"तिथं माळावर पूर्ण गाव जमते," ती पुढे म्हणाली. "जे मले सांगितलं, ते त्याइले सांगा."

पुढच्या गुरुवारी दीपमाला स्वतःचा जुना टेम्पो घेऊन रांगेत लागली. आदल्या दिवशी तिने चांगल्या गाळणीवर हाताने कापूस थापला होता, आणि तिच्या कडेला पांढऱ्या रंगाने आपलं नाव लिहिलं होतं. तिने रेस दिली. काळा लोट निघाला, गर्दीने "अरारारा" केलं. चादर पडली. दीपमालाने सात फेरे घातले. महाराजांनी गाठोडं उंच धरलं.

"महाराज, ते मले द्या," ती म्हणाली.

"उघडलं तर काळं परत शिरंल, पोरी."

"शिरू द्या. गाडी माझीच हाय."

महाराज चेल्याकडे पाहू लागले. तेवढ्यात खेमसिंगने पुढे होऊन गाठोडं काढून घेतलं आणि गाठ सोडली. कापसाने मढलेली गाळणी निघाली. कडेवरचं नाव त्याने मोठ्याने वाचलं. "दीपमाला देवराव."

दीपमालाने चादर ओढून टाकली, बॉनेट उघडलं, डब्याच्या चार क्लिपा सगळ्यांना दाखवल्या. गाळणी बसवली, रेस दिली, काळा धूर. गाळणी काढली, रेस दिली, धूर जवळपास नाही. पुन्हा बसवली, पुन्हा काळा. मग गाळणीवरचा कापूस ओरबाडून, ती झटकून बसवली. धूर ओसरला.

"मंतर न म्हणता झालं," ती म्हणाली. "आन् आता इंजिनही वाचंल."

"हे कलियुग हाय," महाराज म्हणाले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पर अंगाऱ्यानं थोडा तर फरक पडतच असंल ना?"

"पडतो," खेमसिंग म्हणाला. "माझ्या जीपले पडला."

मग मी पुढे झालो. समितीचा चिटणीस म्हणून लोकांना वाटलं, आता भाषण होणार. मी म्हणालो, "डिसेंबरात मीही या झाडाला सात फेरे घातले. तोंडावर मफलर होता. खेमसिंगला इथे मीच पाठवलं."

कोणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं. पण हसणं थांबल्यावर तिघा-चौघांनी आपापली बॉनेटं उघडली, आणि प्रत्येकाच्या डब्यात लाल पुडी निघाली. त्याच दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात तक्रार दिली. फिर्यादीत माझी कानटोपीही नोंदवली गेली.

माझी गाडी दुरुस्त झाली. खेमसिंगच्या जीपचं इंजिन उतरवलेलं आहे, दुसरं बसायचं आहे. तोवर माझी गाडी तोच चालवतो, आणि मंगळवारी-शुक्रवारी इंदुताईबरोबर दुसरे दोन पेशंटही नेतो. मी मागच्या सीटवर बसतो. तो माझ्याशी बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. गाडीने धूर टाकला तर आधी त्याचा रंग पाहा. तो केव्हा येतो ते पाहा, चढावर की जागेवर. जाणत्या माणसाला विचारा, मग ती तुमची विद्यार्थिनी का असेना. एखादा उपाय लागू पडला तरी तो का लागू पडला, हे कळेपर्यंत दुसऱ्याला सांगू नका. आणि "उघडून पाहू नका" असं कोणी म्हणालं, तर तेच आधी उघडा. विचारताना लाज वाटेल. मलाही वाटली होती, आणि तिची किंमत खेमसिंगच्या इंजिनाने दिली.